जागा निघते तेव्हा

चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी काही वर्षं भरतीचं काम पाहत होते. तिथे मेंटेनन्स सुपरवायझरची जागा निघाली. सॉफ्टवेअरमध्ये दोन वर्षांपूर्वीची त्याच नावाची जागा सापडली. मी ती 'कॉपी' केली, तारीख आणि विभाग बदलला आणि मंजुरीला पाठवली. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. पंधरा दिवसांनी शॉप फ्लोअरवरचे एक फिटर काका माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. सुपरवायझर सोडून गेल्यापासून त्या जागेचं काम तेच बघत होते. त्यांनी रीतसर अर्ज भरला होता आणि भरताक्षणी 'आपण या पदासाठी पात्र नाही' असा मेल त्यांना आला होता. जुन्या जागेत 'अभियांत्रिकीची पदवी आहे का?' असा प्रश्न होता आणि 'नाही' असं उत्तर आलं की अर्ज बाद, असा नियम त्याला जोडलेला होता. माझ्या कॉपीबरोबर तो नियमही आला. तो कोणी आणि कशासाठी घातला होता, हे कंपनीत कोणालाच आठवत नव्हतं. काकांकडे आयटीआयचं प्रमाणपत्र आणि त्याच यंत्रांवरची बावीस वर्षं होती.

त्या दिवसापासून मी या विषयाकडे वेगळ्या नजरेने बघते. भरतीबद्दल आपण बोलतो, लिहितो, भांडतो ते मुलाखतीबद्दल. पॅनलवर कोण होतं, काय विचारलं, कोणाची ओळख चालली. पण मुलाखतीच्या खोलीपर्यंत कोण पोचणार, हे त्याच्या कितीतरी आधी, जागा उघडण्याच्या फॉर्मवर ठरून गेलेलं असतं. तो फॉर्म बहुधा सर्वांत ज्युनिअर माणूस सर्वांत घाईत भरतो.

सॉफ्टवेअर येण्याच्या खूप आधीपासून आपल्याकडे जागा काढण्याची एक पक्की रीत होती. ती सरकारी कचेऱ्यांत अजून चालते. खात्याचा आकृतिबंध, म्हणजे पदांचा आराखडा, मंजूर असावा लागतो, त्यात ते पद असावं लागतं, ते रिक्त असावं लागतं. आरक्षणाची बिंदुनामावली मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते. मग सेवाप्रवेश नियमांत लिहिलेली अर्हता घालून लोकसेवा आयोगाकडे मागणीपत्र जातं. या वाटेवर किती महिने जातात, हे पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत बसलेली मुलं सांगतील आणि त्यांचा राग खरा आहे. तरी त्या रीतीत एक मोलाची गोष्ट आहे. अर्हता कुठून आली, हे विचारलं तर उत्तर मिळतं. नियम छापलेले असतात, त्यांना न्यायालयात आव्हान देता येतं. खाजगी कंपनीतल्या फॉर्मवरच्या अटीला असं मूळगाव नसतं.

खाजगी कंपन्यांवर कायद्याचा काहीच धाक नव्हता असं नाही. १९५९ च्या कायद्याने पंचवीस किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या खाजगी आस्थापनांनाही रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला कळवणं बंधनकारक केलं. माणूस तिथूनच घ्या, अशी सक्ती मात्र त्यात नव्हती. आमच्या आधीच्या पिढीने त्या कार्यालयात नाव नोंदवून कार्डाचं नूतनीकरण करत वर्षं घालवली. पुढे कळवण्याचं कामही पुष्कळ ठिकाणी कागदापुरतं उरलं. जागा खऱ्या अर्थाने दिसू लागल्या त्या १९९७ मध्ये नोकरी डॉट कॉम सुरू झाल्यावर, आणि त्याबरोबर एका जाहिरातीला शेकड्यांनी अर्ज येण्याचा काळही सुरू झाला.

त्या ढिगातून, अर्ज गोळा करून चाळणारं, ज्याला जगभर एटीएस म्हणतात ते सॉफ्टवेअर वाढलं. १९९९ मध्ये निघालेली टॅलिओ कंपनी ओरॅकलने २०१२ मध्ये सुमारे १९० कोटी डॉलरना घेतली. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये ग्रीनहाउस सुरू झाली. आपल्याकडे चेन्नईच्या झोहोचं 'रिक्रूट' आणि हैदराबादची डार्विनबॉक्स सर्रास दिसतात. मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्या वर्कडे किंवा सॅपचं सक्सेसफॅक्टर्स वापरतात. रंगरूप निराळं असलं तरी जागा उघडताना ही सगळी साधारण तेच विचारतात: पदाचं नाव, विभाग, ठिकाण, किती माणसं, कधीपर्यंत, कायम की कंत्राटी, पगाराची पट्टी, अनुभव, कौशल्यं, रिक्रूटर कोण, हायरिंग मॅनेजर कोण, मंजुरी कोणाची.

यातला पहिला घोळ शब्दांचाच होतो. मागणी, जागा आणि जाहिरात या तीन वेगळ्या वस्तू आहेत. मागणी म्हणजे 'माणूस हवा, पैसे आहेत' ही आतली परवानगी. जागा म्हणजे एक खुर्ची. जाहिरात म्हणजे बाहेरच्या माणसाला दिसणारा मजकूर. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये हे तीन वेगळे ठेवलेले असतात. ग्रीनहाउसमध्ये एका कामाखाली अनेक खुर्च्या असतात, प्रत्येकीला स्वतःचा क्रमांक असतो, आणि जाहिरात वेगळी लिहावी लागते. झोहोमध्ये एका ओपनिंगवर माणसांची संख्या घालता येते. पाच वेल्डर हवे असताना ती संख्या एकच राहिली, की पहिला वेल्डर रुजू होताच जागा 'भरली' म्हणून बंद होते आणि रांगेतल्या उरलेल्यांना नकाराचे मेल जातात. असं होताना मी पाहिलं आहे. मेल गेल्यावर त्या मुलांना परत फोन केला, तर निम्म्यांनी दुसरीकडे होकार दिलेला असतो. मागणी आणि जाहिरात एकच समजलं, तर 'रिप्लेसमेंट, अमुक यांच्या जागी' ही आतली नोंद बाहेर छापली जाते आणि सोडून जाणाऱ्या माणसाची बातमी त्याच्या सहकाऱ्यांना जाहिरातीतून कळते.

पदाच्या नावाकडेही थोडं थांबून बघायला हवं. आपल्याकडे 'अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह' म्हणजे नुकता बी.कॉम. झालेला मुलगा. अमेरिकेत 'एक्झिक्युटिव्ह' म्हणजे वरच्या मजल्यावरचा साहेब. कंपनीच्या आत 'ग्रेड एम-२' असं काही चालत असेल, पण बाहेरचा माणूस 'स्टोअरकीपर' असंच शोधतो. गूगलने नोकऱ्यांचा वेगळा शोध अमेरिकेत २०१७ मध्ये आणि भारतात २०१८ मध्ये आणला, तेव्हापासून हे आणखी महत्त्वाचं झालं. जाहिरातीच्या पानामागे पदाचं नाव, कंपनी, ठिकाण, प्रसिद्धीची तारीख अशी माहिती ठरलेल्या साच्यात लिहिलेली असेल तरच ती जागा तिथे नीट दिसते. अंतिम तारखेचा रकाना असतो तो सोडला, की भरून गेलेली जागा महिनोन् महिने लोकांना खुणावत राहते.

आता मूळ दुखण्याकडे येते. बाद करणारे प्रश्न, ज्यांना या धंद्यात 'नॉकआउट' म्हणतात. पदवी आहे का, इतकी वर्षं अनुभव आहे का, मध्ये खंड आहे का. एका टिचकीवर हजाराचे साठ अर्ज होतात आणि रिक्रूटरचा जीव भांड्यात पडतो. तिच्या डोक्यावर एकाच वेळी तीस-चाळीस जागा असतात, हे विसरून तिला बोल लावण्यात अर्थ नाही. पण या चाळणीतून काय गळतं, त्याचा अभ्यास झालेला आहे. २०२१ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि ॲक्सेंचर यांनी अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या मालकांना विचारून एक अहवाल काढला. वरच्या कौशल्याच्या कामांसाठी लायक असलेली माणसं केवळ लिहिलेल्या अटींत तंतोतंत बसत नाहीत म्हणून आमच्याच यंत्रणेतून बाहेर फेकली जातात, असं ८८ टक्के मालकांनी मान्य केलं. सहा महिन्यांहून मोठा खंड दिसला की अर्ज बाजूला, अशी चाळणी जवळपास निम्म्या कंपन्यांत होती. बाळंतपण, आईवडिलांचं आजारपण, कोविडमध्ये गेलेली नोकरी, स्पर्धा परीक्षेत घातलेली दोन वर्षं: महाराष्ट्रातल्या कुठल्याही घरात यातलं एक तरी कारण सापडेल. खंडाची ही चाळणी मुळात बायकांविरुद्धची चाळणी आहे, हे मला स्पष्ट म्हणायचं आहे.

पदवीचं तर आणखी उघड आहे. त्याच हार्वर्डच्या २०१७ च्या अहवालात अमेरिकेतल्या प्रॉडक्शन सुपरवायझरच्या जाहिराती तपासल्या होत्या. ६७ टक्के जाहिरातींत पदवी मागितली होती. ते काम तेव्हा प्रत्यक्ष करणाऱ्यांपैकी पदवीधर होते १६ टक्के. हे वाचलं तेव्हा मला ते फिटर काका आठवले.

हा प्रश्न न्यायालयात पन्नास वर्षांपूर्वीच गेला होता. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात ड्यूक पॉवर कंपनीचं डॅन रिव्हर वीजकेंद्र होतं. तिथे कृष्णवर्णीय कामगारांना फक्त मजूर विभागात ठेवत आणि त्या विभागातला सर्वांत मोठा पगार इतर विभागांतल्या सर्वांत लहान पगारापेक्षा कमी असे. नागरी हक्कांच्या कायद्यामुळे १९६५ मध्ये ही उघड बंदी उठली, पण मजूर विभागातून वर जायला हायस्कूलचं प्रमाणपत्र हवं ही अट आली. अनेक गोरे कामगार तेच काम त्या प्रमाणपत्राशिवाय व्यवस्थित करत होते. मार्च १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला, की हेतू काही असो, अटीचा प्रत्यक्ष कामाशी संबंध मालकाला दाखवता आला पाहिजे. जागा उघडणाऱ्या प्रत्येकाने हा 'ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर' खटला वाचावा. 'ही अट नसलेला माणूस हे काम आत्ता करतो आहे का?' हा त्यातला प्रश्न फॉर्मच्या प्रत्येक रकान्याला विचारता येतो.

अनुभवाच्या वर्षांचंही तसंच. १९९८ मध्ये श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी पंचाऐंशी वर्षांतलं संशोधन एकत्र करून पाहिलं. कामाचा दर्जा आधी ओळखण्यात अनुभवाची वर्षं आणि शिक्षणाची वर्षं दोन्ही अगदी कच्ची ठरली: सहसंबंध अनुक्रमे ०.१८ आणि ०.१०. ठरलेले प्रश्न सर्वांना सारखे विचारून सारख्या मापाने गुण देणारी मुलाखत ०.५१ वर होती. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी हे आकडे नव्याने मांडले, तेव्हा बहुतेक आकडे खाली आले, पण तशा मुलाखतीने वरचं स्थान राखलं. सॉफ्टवेअरमध्ये याची सोय असते. जागा उघडतानाच स्कोअरकार्ड भरायचं: या कामाला कोणते चार-पाच गुण लागतात, कोणत्या फेरीत कोण काय तपासणार. बहुसंख्य कंपन्यांत हा भाग रिकामा राहतो, कारण तो भरल्याशिवायही जागा 'लाइव्ह' करता येते. तो सक्तीचा करावा आणि अनुभवाची अट ऐच्छिक करावी, असं माझं ठाम मत आहे.

पगाराच्या रकान्याबाबत जगात वेगाने बदल होत आहेत. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्याने २०२१ पासून, न्यूयॉर्क शहराने नोव्हेंबर २०२२ पासून आणि कॅलिफोर्नियाने २०२३ पासून जाहिरातीत पगाराची पट्टी छापणं बंधनकारक केलं. युरोपीय संघाच्या २०२३ च्या निर्देशाने पगाराची पट्टी जाहिरातीत किंवा मुलाखतीआधी सांगण्याचा नियम आणायला सदस्य देशांना जून २०२६ ची मुदत दिली. आधीचा पगार उमेदवाराला विचारायचा नाही, हेही त्यात आहे. आपल्या फॉर्मवर मात्र पगारासमोर 'उद्योगातील दरानुसार' असतं आणि उमेदवाराकडून 'करंट सीटीसी' (आत्ताचा पगार), 'एक्स्पेक्टेड सीटीसी' (अपेक्षित पगार) आणि 'नोटीस पिरियड' हे तीन रकाने भरून घेतल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. पहिल्या नोकरीत कमी पगारावर राबलेली मुलगी त्या पहिल्या आकड्याला जन्मभर बांधलेली राहते, कारण प्रत्येक नवी कंपनी त्यावर वीस-तीस टक्के चढवून देते. आत्ताच्या पगाराचा हा रकाना काढायला कायद्याची वाट बघावी लागत नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन एक खूण काढली की झालं.

जाहिरातीतल्या शब्दांचं सामर्थ्य मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. १९७४ मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेतल्या फलकावर टाटांच्या टेल्को कंपनीची जाहिरात लागली होती आणि स्त्रियांनी अर्ज करू नये, असं तिच्यात लिहिलं होतं. सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी जेआरडी टाटांना पोस्टकार्ड टाकलं, पुण्याला मुलाखतीचं बोलावणं आलं आणि नोकरी मिळाली. दोनच वर्षांनी, १९७६ च्या समान वेतन कायद्याने भरतीतही स्त्री-पुरुष भेद करायला मनाई केली. तरी २०२४ मध्ये चेन्नईजवळच्या आयफोनच्या कारखान्यात विवाहित स्त्रियांना घेत नाहीत, अशी रॉयटर्सची बातमी आली आणि केंद्रीय श्रम मंत्रालयाला अहवाल मागवावा लागला. हल्ली नकार असा छापलेला फार सापडत नाही. तो 'आक्रमक', 'वर्चस्व गाजवणारा', 'केव्हाही उपलब्ध' अशा विशेषणांत असतो. २०११ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात असा पुरुषी शब्दांनी भरलेला मजकूर वाचून स्त्रियांना ती नोकरी कमी आवडली. आपल्याला ते काम जमेल का, याबद्दल त्यांना शंका नव्हती, तिथे आपण परके वाटू एवढंच त्यांना वाटलं.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल इतकं लिहिलं जातं, की मी थोडक्यात सांगते. ॲमेझॉनने २०१४ पासून अर्जांना गुण देणारं यंत्र शिकवलं, जुन्या दहा वर्षांच्या अर्जांवर. अर्जात 'महिलांचा' हा शब्द आला की ते गुण कापू लागलं, आणि प्रकल्प गुंडाळावा लागला. २०१८ मध्ये हे बाहेर आलं. न्यूयॉर्क शहरात जुलै २०२३ पासून अशा साधनांचं दरवर्षी पक्षपात-परीक्षण लागतं. युरोपच्या २०२४ च्या कायद्याने भरतीची साधनं जास्त जोखमीच्या वर्गात टाकली. कॅलिफोर्नियात वर्कडेविरुद्ध खटला चालू आहे आणि सॉफ्टवेअर बनवणारी कंपनीही मालकाची हस्तक म्हणून उत्तरदायी ठरू शकते, हा युक्तिवाद पुढे चालवायला न्यायाधीशांनी २०२४ मध्ये मुभा दिली. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते एवढं: यंत्र गुण देतं ते जागेच्या फॉर्मवर लिहिलेल्या अटींशी ताडून. तिथे चुकीची अट असेल, तर यंत्र ती चूक अधिक इमानाने राबवेल.

आपल्याकडच्या फॉर्मच्या काही अडचणी तर कोणी मांडतही नाही. नाव, मधलं नाव, आडनाव हा साचा लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेल्या स्त्रीला प्रमाणपत्राशी जुळवून घ्यायला लावतो. औद्योगिक वसाहतीतला ऑपरेटर अर्ज मोबाइलवरून करतो. त्याला आधी खातं उघडा, पासवर्डमध्ये एक मोठं अक्षर आणि एक चिन्ह घाला असं सांगितलं, की तो तिथेच सोडून गेटवरच्या कंत्राटदाराला गाठतो. कामाचं वर्णन मराठीत देण्याची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आहे, कारण मजकुराचा चौकोन कुठलीही लिपी घेतो. रांजणगाव, वाळूज, बुटीबोरीच्या किती कंपन्या ती वापरतात? ज्या कामात दिवसभर मराठीच बोललं जातं, त्याची जाहिरात फक्त इंग्रजीत देणं हीसुद्धा एक न लिहिलेली अट आहे.

आणि नसलेल्या जागा. बाजाराचा अंदाज घ्यायला, अर्जांचा साठा करून ठेवायला किंवा कंपनी वाढते आहे असं दाखवायला उघडलेल्या, मंजुरी नसलेल्या खुर्च्या. अर्ज करणाऱ्याची रजा, गाडीभाडं, आशा यांचा हिशेब तिथे कोणी ठेवत नाही. कॅनडाच्या ओंटारियो प्रांताने यावर सर्वांत नेमका उपाय केला आहे. १ जानेवारी २०२६ पासून पंचवीस किंवा अधिक कामगार असलेल्या मालकाने जाहिरातीत तीन गोष्टी सांगायच्या: पगार किती, चाळणीला कृत्रिम बुद्धिमत्ता वापरता का, आणि जागा आज खरोखर रिकामी आहे का. मुलाखत दिलेल्याला निवडीचा निर्णय झाला की नाही, हे पंचेचाळीस दिवसांत कळवायचं. 'कॅनडातला अनुभव हवा' ही अट घालायलाही त्याच दिवसापासून मनाई झाली. पुण्या-मुंबईहून टोरंटोला गेलेल्या इंजिनिअरांना ही अट किती वर्षं बाहेर ठेवत होती, ते त्यांच्या घरच्यांना ठाऊक आहे.

फिटर काकांचा अर्ज मी हाताने परत आत घेतला आणि त्यांची मुलाखत झाली. त्या जागेवर तेच लागले. पण त्या पंधरा दिवसांत त्याच नियमाने बाद झालेले आणखी एकशे चाळीस अर्ज होते. ती माणसं माझ्या टेबलाशी येऊन उभी राहू शकत नव्हती.

भरतीचं काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, मित्रांनो, पुढची जागा उघडाल तेव्हा जुनी कॉपी करा, वेळ वाचतो. फक्त अटींचा चौकोन रिकामा करा आणि ते काम आज जो माणूस करतो, त्याच्या शेजारी बसून तो पुन्हा भरा.